टोस्टरला ब्रेड दिसत नाही

टोस्टरच्या अंगावर एक छोटी चकती असते. तिच्यावर १ ते ६ किंवा १ ते ७ असे आकडे छापलेले असतात. घरोघरी या आकड्यांबद्दल दोन मतं ऐकायला मिळतात. काहींना वाटतं, ही मिनिटं आहेत. काहींना वाटतं, ही आच आहे. १ म्हणजे मंद आणि ६ म्हणजे मोठी. दोन्ही मतं चूक. साध्या टोस्टरमध्ये चकती फिरवल्यानं तारेची आच तसूभरही बदलत नाही. १ वर ठेवा नाहीतर ६ वर, तार तेवढीच लाल होते. बदलतो तो फक्त वेळ, आणि तोही घड्याळाशी इमान राखेलच असं नाही. एका कंपनीच्या ३ वर जो रंग येतो तो दुसरीच्या ४ वर येऊ शकतो, कारण प्रत्येक कंपनीनं आकडे आपापल्या मापानं टाकलेले असतात.

सातारा-सांगलीकडच्या घरांत हे यंत्र तसं उशिरा पोचलं, आणि बरेचदा लग्नाच्या आहेरातून पोचलं. चहात बुडवून खायचा बेकरीतला टोस्ट त्याच्या कितीतरी आधीपासून होता. तो भट्टीत दोनदा भाजलेला असतो. पाचगणीच्या बोर्डिंग शाळांमधला लोण्याचा टोस्ट आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा जॅम ही वेगळी दुनिया. खाली वाईत किंवा कऱ्हाडात ब्रेड भाजायचाच झाला तर तवा होता, नाहीतर गॅसवरचा हाताचा टोस्टर. अॅल्युमिनियमच्या दोन थाळ्या बिजागरीनं जोडलेल्या, मागं दोन लांब दांडे आणि ते अडकवायला कडी. मध्ये ब्रेड घालायचा, गॅसवर धरायचा, थोड्या वेळानं कडी काढून उघडून बघायचं, पालटायचं, पुन्हा बघायचं. ही बघण्याची सोय पुढं आलेल्या विजेच्या टोस्टरनं काढून घेतली. त्याच्या बदल्यात त्यानं काय दिलं आणि ते कुठं अपुरं पडतं, हाच या प्रकरणाचा विषय.

आधी ब्रेडचा रंग बदलतो कशानं ते पाहू. ब्रेडमध्ये गव्हाची प्रथिनं असतात आणि थोडी साखर असते; काही मळताना घातलेली, काही पिठातल्या स्टार्चपासून तयार झालेली. पुरेशी उष्णता मिळाली की प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि ही साखर यांच्यात अभिक्रिया सुरू होते. तिच्यातून तपकिरी रंगाचे पदार्थ तयार होतात आणि भाजल्याचा तो वासही येतो. फ्रान्समधल्या लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचं पहिलं वर्णन केलं, म्हणून ती मायार अभिक्रिया. तिच्या पायऱ्या नीट लावून दाखवल्या त्या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉज यांनी, १९५३ मध्ये. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढं ती झपाट्यानं चालते. त्याखालीही चालते, पण रेंगाळत.

रेंगाळत चालणाऱ्या मायार अभिक्रियेचा उत्तम नमुना साताऱ्यातच मिळतो. कंदी पेढ्याचा तपकिरी रंग वरून घातलेला नसतो. खवा आणि साखर कढईत सतत हलवत भाजत राहिलं की दुधातली प्रथिनं आणि दुधातलीच लॅक्टोज नावाची साखर यांच्यातून तो येतो. धारवाडी पेढ्याचंही तेच. खवा ओलसर असल्यामुळं कढईतलं तापमान टोस्टरच्या आसपासही जात नाही. म्हणून तिथं मिनिटांचं काम बराच वेळ चालतं, आणि भाजणाऱ्याला रंग डोळ्यांसमोर चढताना दिसतो. पाहिजे तिथं थांबता येतं.

तपकिरी दिसलं की मायार, असं मात्र समजू नये. तासगावच्या बेदाण्याची गोष्ट निराळी आहे. द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतात. द्रावणामुळं सालीवरच्या मेणाचा अडसर कमी होतो, पाणी लवकर निघून जातं. सगळी धडपड बेदाणा तपकिरी पडू नये म्हणून, कारण हिरव्या-पिवळसर मालाला भाव जास्त. इथला तपकिरीपणा द्राक्षातल्या विकरांमुळं येतो, उष्णतेमुळं नव्हे. कापलेलं सफरचंद काळं पडतं ते याच कारणानं. टोस्टरशी त्याचं नातं फक्त रंगापुरतं.

आता ब्रेडमधल्या पाण्याकडं येऊ. टोस्टरचं सगळं त्रांगडं या पाण्यानं करून ठेवलं आहे. ताज्या ब्रेडच्या वजनात तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाणी असतं. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं पुढं सरकत नाही. मिळेल ती उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. म्हणून ब्रेड आत टाकल्यावर पहिला बराच वेळ काहीच घडताना दिसत नाही. वरचा पातळ थर सुकला की तापमान एकदम चढतं आणि रंग धरू लागतो. त्यात भर अशी की पांढरा ब्रेड अंगावर पडणारी उष्णता बरीचशी परतवतो, आणि तपकिरी होऊ लागलेला ब्रेड ती जास्त शोषतो. जेवढा रंग चढेल तेवढा पुढचा रंग वेगानं चढतो. सोनेरी आणि करपलेला यांच्यात त्यामुळं काही सेकंदांचंच अंतर उरतं. गॅसवरचा टोस्टर उघडून बघणाऱ्या बाईला रसायनशास्त्र ठाऊक नसलं तरी शेवटी शेवटी घाईनं बघावं लागतं, हे पक्कं ठाऊक असतं.

याचाच दुसरा अर्थ असा की शिळा ब्रेड ताज्यापेक्षा लवकर भाजतो. उघड्यावर राहून त्यातलं पाणी कमी झालेलं असतं, सुकण्याचा टप्पा चटकन संपतो. सातारा जिल्हा या बाबतीत मोठा गमतीचा आहे. एका टोकाला महाबळेश्वर, जिथं पावसाळ्यात भिंतींनाही पाणी सुटतं. दुसऱ्या टोकाला माण आणि खटाव हे दुष्काळी तालुके. सांगलीत जत, आटपाडी तसेच. तोच ब्रेड, तोच टोस्टर, चकतीवर तोच आकडा. पाकीट उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी भाजला तर महाबळेश्वरात तो फिका निघेल आणि माणमधल्या दहिवडीत करपेल. उंचीचा परिणाम होतो का, असंही कुणी विचारेल. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे, त्यामुळं तिथं पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. पण टोस्टच्या बाबतीत हा फरक नगण्य. दोष द्यायचा तर दमट हवेला द्या.

टोस्टर शक्य झाला तो एका तारेमुळं. लाल होईपर्यंत तापवली तरी हवेत जळून जाणार नाही, ठिसूळ होणार नाही, अशी तार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कुणाकडं नव्हती. १९०५ च्या सुमारास अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांनी निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू शोधला. तेच नायक्रोम. तापल्यावर त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि आतल्या धातूला हवा लागू देत नाही. ही तार अभ्रकाच्या पत्र्यांवर गुंडाळतात, कारण अभ्रक उष्णता सोसतो आणि वीज वाहू देत नाही. टोस्टरच्या फटीतून आत डोकावलं तर चकचकीत पापुद्र्यासारखं दिसतं ते हेच अभ्रक. १९०९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं बाजारात आणलेल्या टोस्टरमध्ये ब्रेड एकाच बाजूनं भाजायचा, पालटायचं काम माणसाचं. म्हणजे आपल्या गॅसवरच्या टोस्टरसारखाच कारभार, फक्त जाळ विजेचा.

माणसाला तिथून हटवलं चार्ल्स स्ट्राइट यांनी. ते मिनेसोटात एका कारखान्यात कामाला होते. कारखान्याच्या उपाहारगृहात करपलेला टोस्ट मिळतो याला ते कंटाळले. उपाहारगृहातल्या माणसाला लक्ष ठेवायला सवड नसणार, हे त्यांनी ओळखलं आणि लक्ष ठेवायची गरजच उरू नये असं यंत्र केलं. ठरलेला वेळ झाला की तारेची वीज तुटावी आणि स्प्रिंगनं ब्रेड वर यावा. त्याचं पेटंट त्यांना १९२१ मध्ये मिळालं, आणि घरगुती वापराचा टोस्टमास्टर १९२६ मध्ये विक्रीला आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, ऑटो रोवेडर यांच्या यंत्रानं कापलेला ब्रेड अमेरिकेत विकला जाऊ लागला. स्लाइसची जाडी सारखी झाल्याशिवाय ठरावीक वेळाला काही अर्थ नव्हता, म्हणून या दोन शोधांनी एकमेकांना हात दिला. आपला लादीपाव टोस्टरच्या फटीत जात नाही, आणि कापून घातला तर प्रत्येक तुकडा वेगळ्या जाडीचा. त्याला तवाच बरा.

स्ट्राइट यांची युक्ती मोलाची खरीच, पण तिच्यात एक गृहीत धरलेलं आहे. वेळ सारखा तर रंग सारखा. इथून पुढं टोस्टरच्या ज्या तक्रारी आपण करतो त्या बहुतेक या गृहीतकाच्या तक्रारी आहेत.

वेळ मोजायचा कसा? पूर्वीच्या टोस्टरांत किल्लीचं यंत्र असे. मग द्विधातूची पट्टी आली. दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींवर पक्क्या जोडायच्या, समजा पितळ आणि पोलाद. पितळ उष्णतेनं पोलादाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावतं, पण जोडलेलं असल्यामुळं त्याला एकट्याला लांब होता येत नाही. मग सगळी पट्टी वाकते. इंग्लंडचे घड्याळजी जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात ही युक्ती घड्याळासाठी वापरली होती. टोस्टरमध्ये पट्टी तापत तापत वाकते, एका ठिकाणी खटक्याला टेकते, खटका सुटतो, ब्रेड वर येतो. चकती फिरवली की पट्टी आणि खटका यांच्यातलं अंतर बदलतं. इस्त्रीचा थर्मोस्टॅट याच तत्त्वावर चालतो.

हल्लीच्या टोस्टरात पट्टीऐवजी एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. दांडी खाली दाबली की विद्युतचुंबक तिला धरून ठेवतो. इकडं एक कपॅसिटर हळूहळू भारित होऊ लागतो. चकती म्हणजे त्याच्या वाटेतला बदलता रोध. रोध वाढवला की कपॅसिटर सावकाश भरतो. ठरलेल्या पातळीला तो पोचला की सर्किट चुंबकाची वीज तोडतं, दांडी सुटते. प्लग न लावता दांडी दाबून बघा, ती खाली थांबतच नाही, कारण धरणारा चुंबक मेलेला असतो. मधेच लाइट गेली की ब्रेड टुणकन वर येतो, त्याचंही कारण हेच. भारनियमन ज्यांनी भोगलं आहे त्यांना अर्धा भाजलेला ब्रेड नवा नाही.

लाइट जाण्यापेक्षा अवघड मामला आहे व्होल्टेजचा. आपल्याकडं घरगुती वीज २३० व्होल्टची धरतात आणि दोन फटींचा टोस्टर साधारण ७५० वॅटचा असतो. (कोयना प्रकल्पाची सगळी जनित्रं मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे. हिशेब करून पाहिलात तर असे सव्वीस लाख टोस्टर एका वेळी चालतील. करू नका म्हणजे झालं.) तारेत तयार होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. नायक्रोमचा रोध तापल्यानं फारसा बदलत नाही, त्यामुळं गणित सरळ आहे. २३० चे २०० व्होल्ट झाले तर ७५० वॅटचे सुमारे ५६७ होतात. १८० झाले तर सुमारे ४६०. व्होल्टेज पाचव्या हिश्शानं घसरलं, उष्णता मात्र जवळपास चाळीस टक्क्यांनी. उलट रात्री सगळं बंद असताना २५० पर्यंत चढलं तर ८८० च्या वर जातात.

फीडरच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वाडीत, शेतीपंप चालू असताना, १८० व्होल्ट ही काही नवलाची गोष्ट नाही. तिथं सर्किट आपलं काम चोख करतं. कपॅसिटर वेळेवर भरतो, ब्रेड वेळेवर वर येतो, आणि पांढराच येतो. कारण मिळालेली उष्णता पाणी काढण्यातच संपली, रंग धरायची पाळीच आली नाही. असा ब्रेड भाजलेला नसतो, नुसता वाळलेला असतो. कडक पण बेचव. गमतीची बाब अशी की द्विधातूच्या पट्टीचा जुना टोस्टर इथं नव्यापेक्षा शहाणा ठरतो. त्याची पट्टी त्याच विजेवर तापते. व्होल्टेज पडलं की पट्टीही सावकाश वाकते आणि ब्रेडला आपोआप थोडा जास्त वेळ मिळतो. पूर्ण भरपाई होत नाही, पण काही अंशी होते. साध्या सर्किटला हे जमत नाही. नवं म्हणजे दर वेळी सुधारलेलं, असं नसतं.

तीच गोष्ट एकामागून एक भाजण्याची. घरात पाचसहा माणसं असली की पहिला घाणा फिका, दुसरा बरा आणि तिसरा करपट, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पहिल्या वेळी टोस्टर गार असतो. बरीच उष्णता त्याचा पत्रा, जाळी आणि आतली हवा तापवण्यात जाते. दुसऱ्या वेळी ती ब्रेडला मिळते. चांगल्या टोस्टरात आतलं तापमान ओळखून वेळ कमी करणारा घटक बसवतात. स्वस्तातल्यात तो नसतो, आणि खोक्यावर तसं कुणी छापत नाही.

या सगळ्याच्या विरुद्ध पद्धत बघायची असेल तर हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जावं. कऱ्हाड, वाळवा, शिराळा या पट्ट्यात अजून गुऱ्हाळं लागतात. चुलवाणात चिपाडं सारतात. ती कधी वाळकी, कधी दमट. जाळ रोज वेगळा. उसाचा रसही रोज वेगळा, जमिनीप्रमाणं, जातीप्रमाणं, तोडून किती वेळ झाला त्याप्रमाणं. काहिलीशेजारी उभा असलेला गुळव्या घड्याळाकडं बघत नाही. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, वास यांवर त्याची नजर. पाक जवळ आला की थोडा घेऊन गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळून बघतो. गोळी जमली की काहील उतरवायची. त्या वेळी थर्मामीटर बुडवला तर तो ११८ अंशांच्या आसपास दाखवतो. गुळव्याचं लक्ष मालावर असतं आणि वेळ मालामागून येतो. टोस्टर वेळ धरून बसतो, माल त्याला दिसतच नाही. जाळ, रस, हवा यांत कितीही फरक पडला तरी गुळव्याची ढेप जवळपास तशीच उतरते ती यामुळं.

टोस्टरला असं मालाकडं बघायला शिकवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. त्यांतला मला सर्वांत आवडतो तो अमेरिकेतल्या सनबीम कंपनीचा, १९४९ चा. त्यात द्विधातूची पट्टी ब्रेडच्या पृष्ठभागासमोर बसवलेली असते आणि ब्रेडकडून येणाऱ्या उष्णतेवर ती तापते. ब्रेड ओला असेल तर त्याचा पृष्ठभाग उशिरा तापतो, पट्टी थांबून राहते. शिळा असेल तर लवकर. व्होल्टेज कमी असो वा टोस्टर आधीच गरम असो, पट्टीला कर्तव्य एकच, ब्रेडचा पृष्ठभाग किती तापला. शिवाय ब्रेड नुसता ठेवला की तो स्वतःच हळूच खाली उतरायचा आणि झाला की आवाज न करता वर यायचा. हे टोस्टर आजही जपणारे आणि दुरुस्त करून वापरणारे लोक आहेत. तरी ही पद्धत रुळली नाही, कारण नुसता वेळ मोजणारा टोस्टर बनवायला फार स्वस्त पडतो. पुढं काहींनी रंग ओळखणारे सेन्सर बसवले, काहींनी बाजूला काच लावली. काच म्हणजे बघायचं काम पुन्हा आपल्याकडंच. ब्रिटनच्या ड्युअलिट कंपनीच्या जुन्या घडणीच्या टोस्टरात तर ब्रेड आपोआप वर येतच नाही. वेळ संपला की तारा बंद होतात, ब्रेड दांडीनं हवा तेव्हा उचलून बघायचा. मला हा प्रामाणिकपणा वाटतो.

रंग किती गडद असावा, याला आता चवीपलीकडचंही एक कारण आहे. २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांना भाजलेल्या आणि तळलेल्या पिष्टमय पदार्थांत अॅक्रिलामाइड सापडलं. अॅस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल आणि साखर यांच्यापासून, १२० अंशांच्या वर, मायार अभिक्रियेच्याच ओघात ते तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा कर्करोगाशी संबंध दिसला. माणसांत आहारातून तसं होतं याचा पक्का पुरावा मिळालेला नाही. ब्रिटनच्या अन्न खात्यानं २०१७ मध्ये लोकांना एवढंच सांगितलं की ब्रेड, बटाटा सोनेरी होऊ द्या, काळपट नको. घाबरून टोस्टर माळ्यावर टाकायची गरज नाही, पण काळी पडलेली कड खरवडून टाकावी हे बरं.

तेव्हा टोस्टरकडून नीट काम करून घ्यायचं तर त्याला न दिसणाऱ्या गोष्टी आपण बघायच्या. ब्रेड शिळा किंवा गोड असेल तर आकडा एकानं कमी करा. दुधाच्या, साखरेच्या ब्रेडला रंग लवकर चढतो. पहिला घाणा झाला की दुसऱ्यासाठी अर्धा-एक आकडा खाली या. फ्रीजमधून काढला असेल तर वर जा. व्होल्टेज पडलेलं आहे हे बल्बवरून किंवा पंख्याच्या गतीवरून कळत असेल, तर एका दमात भाजायचा हट्ट सोडा. एकदा वर आला की बघा, आणि अंदाजानं पुन्हा थोडा वेळ खाली घाला. तळाचा चुऱ्याचा ट्रे आठवड्यातून एकदा झटका, नाहीतर भाजला ब्रेड आणि जळाला चुरा असा वास येतो. ब्रेड आत अडकला तर सुरी किंवा काटा घालण्याआधी प्लग सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून थांबू नका. आतल्या तारा उघड्या असतात, आणि त्या लाल दिसत नसल्या तरी त्यांच्यात वीज असू शकते.